परवान्यावरचे मालक

बळेपेट, बंगळूर
५ ऑक्टोबर १९५८

तीर्थस्वरूप हयवदनकाका,

धारवाडच्या दिशेला तोंड करून त्रिविक्रमाचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? इथल्या गारठ्यात मला त्याची रोज आठवण येते. काकूंचा खोकला थांबला असेल. वसुमती ठणठणीत आहे, आणि आता तसं डॉक्टरांनी लिहूनही दिलंय. ते कसं, हे सांगायलाच हे पत्र.

माझी नोकरी सुटल्याचं आणि खानावळीचा विचार असल्याचं मागे कळवलं होतं. त्यावर आपलं एका ओळीचं कार्ड आलं, की आपल्या घराण्यात कोणी अन्न विकलेलं नाही. ते कार्ड मी देवापुढे ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी अर्ज आणायला गेलो (रागावू नका, दुसरं काही सुचत नव्हतं). दसऱ्याला पहिली पंगत बसवायची, आपल्याकडच्या बारा सड्या कारकुनांनी शब्दही दिलेला, आणि परवान्याशिवाय चूल पेटवायची सोय नाही.

कचेरीत देवाप्पा नावाचे कारकून आहेत. माणूस सज्जन, पण घाई कशाशी खातात ते त्यांना ठाऊक नाही. 'स्वल्प बसा, अण्णा' म्हणाले, म्हणून बसलो तो दुपार झाली. अर्जात स्वयंपाकघराला खिडक्या किती, मोरीचं पाणी कुठे जातं, स्वयंपाकिणीला खरूज आहे का, असले प्रश्न. डॉक्टरांनी वसुमतीची जीभ, नखं, दंडावरचे देवीचे वण, सगळं तपासलं. बारा वर्षं हिच्या हातचं जेवतोय, मला कधी ही बुद्धी झाली नाही, हे तिने घरी येईपर्यंत तीनदा ऐकवलं. मग इन्स्पेक्टर घरी आले. धूर कुठून जातो, असं त्यांनी विचारलं आणि उत्तर थेट त्यांच्या डोळ्यांत गेलं. पत्र्याचं धुराडं बसवल्यावर (त्याला आठ दिवस गेले) काल परवाना हातात पडला.

आशीर्वाद असावा.

आपला,
त्रिविक्रम

ता. क. : अर्जातला पहिला रकाना मालकाच्या नावाचा होता. घरच्या कार्याच्या पत्रिकेत वडीलधाऱ्यांचं नाव वर घालायचं, त्या वळणाने हाताने तुमचं लिहिलं. परवाना तसाच आलाय. तेव्हा दसऱ्यापासून आपल्या घराण्यात अन्न तुम्ही विकणार आहात.

ता. क. २ : देवाप्पा म्हणतात, मालकाने दसऱ्याआधी स्वतः येऊन सही करावी, नाहीतर नाव काढून माझं घालायच्या कागदावर सही करून पाठवावी. कागद सोबत आहे. दोन्ही न झाल्यास परवाना रद्द.

ता. क. ३ : वसुमती म्हणते, खरं काय ते लिहा. 'मालक तुम्हीच ना?' असं देवाप्पांनी मला दोनदा विचारलं होतं, तरी मी तुमचंच नाव ठेवलं. तुमच्या मनाविरुद्ध चाललोय याची भीती वाटत होती, काका, आणि तुमचं नाव वर लिहिल्यावर ती गेली. कागद सही करून पाठवलात तरी मी वाईट वाटून घेणार नाही. फक्त अगदी शेवटच्या टपालाने पाठवा. दारावरची पाटी रंगवून झाली आहे, आणि तिच्यावर तुमचं नाव फार शोभतं.