तू गुंगीत बोललीस ते

माय, उद्या सकाळी मला नर्सिंगच्या मुलींना पुन्हा तोच धडा शिकवायचाय. श्वसनाचे विकार, आणि त्याला लागूनच शरीरातलं पाणी, क्षार आणि आम्ल यांचा तोल. एवढी वर्षं झाली शिकवतेय, पाठ आहे सगळं, आणि तरी दरवर्षी या धड्यापाशी आले की माझं डोकं चालेनासं होतं. आज रविवार. अमरावतीतल्या या भाड्याच्या दोन खोल्यांत कूलरचा घरघराट चालू आहे, समोर पुस्तक उघडं आहे, आणि तयारी करायची सोडून मी कोऱ्या कागदावर ‘माय’ लिहून बसलेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, काम नाई काय वं तुले? आहे ना. कामच करत होते. त्यातूनच तू निघालीस.

धड्यात पहिल्यांदा धूर येतो. फुप्फुसं कशानं खराब होतात ते सांगताना मुली लगेच ‘बिडी-सिगारेट’ म्हणतात, आणि मला आपली चूल दिसते. कपाशी निघाली की वावरातल्या वाळक्या पऱ्हाट्या तू बांधून आणायचीस आणि त्यावर वर्षभर स्वयंपाक. पऱ्हाटी भसकन पेटते आणि तशीच विझते, म्हणून तू सारखी फुंकणी घेऊन वाकलेली. भाकरी थापतानाही तुझं बोलणं दोन-दोन शब्दांचं. बस. घे. जेव. उठ. आम्हाला वाटायचं, माय कडक आहे. पहिल्यांदा डॉक्टरकडे नेलं तेव्हा त्यानं विचारलं, “बिडी ओढता का?” तर तू केवढी भडकलीस! “मी काय बुढा हाव काय, बिडी प्याले?” तो बिचारा चुलीच्या धुराबद्दल समजावत होता आणि तू पदर सावरून केव्हाच दाराकडे निघाली होतीस. सगळ्याच बाया चूल फुकते, मंग सगळ्याइलेच दमा काहून नाई? हा तुझा सवाल. 

मग पायांवर सूज यायला लागली. सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी दिली, तर ती तू बाजाराच्या दिवशी घ्यायचीच नाहीस. अकोल्याच्या फूलबाजारात पहाटेपासून दुपारपर्यंत झेंडूची टोपली पुढे घेऊन बसायचं, आणि बायांना जायला जागा कुठंच नाही. गोळी तर नाहीच, पाणीही प्यायची नाहीस. घरी आलीस की दोन गोळ्या सोबत गिळायचीस, राहिलेली भरून काढायला, आणि वरून तांब्याभर पाणी. पोटऱ्यांत गोळे यायचे, हात थरथरायचे. पुस्तकात याला एक ओळ आहे, रुग्णाला औषधाचे महत्त्व पटवून द्यावे. मी ती ओळ वाचते आणि पुढे जाते. तुला कोण पटवून देणार होतं?

आता त्या दिवसाबद्दल लिहिते, ज्याच्याबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. परतवाड्याचं सासर सोडून, पेटी घेऊन मी वावरातल्या घरी आले होते. तू बांधावरून येत होतीस, डोक्यावर फुलांचं गाठोडं. मी सांगितलं, आता तिथं परत जाणार नाही, अमरावतीला नोकरी धरलीय, खोली घेतलीय. तू गाठोडं टाकलंस, दाराची चौकट दोन्ही हातांनी धरलीस, खांदे वर चढवलेस. नाकपुड्या फुललेल्या. तशीच उभी राहिलीस आणि मग म्हणालीस, “येऊ नको आता.” झालं. मी पेटी उचलली. बसमध्ये रस्ताभर रडले, बाजूची बाई विचारत होती कोण वारलं म्हणून. त्यानंतर वर्षभराहून जास्त मी तुझ्या दारात आले नाही. चौकट धरून उभी असलेली तू रोज दिसायचीस. काय तो राग, असं वाटायचं.

आणि आज मी मुलींना काय शिकवते? ज्याला दम लागलाय तो हातांनी कशाचा तरी आधार धरतो, खांदे उचलतो, नाकपुड्या फुलतात, पूर्ण वाक्य बोलू शकत नाही. फळ्यावर आकृती काढून शिकवते. पहिल्यांदा काढली तेव्हा हातातला खडू तसाच राहिला, कारण ती तूच होतीस, गाठोडं घेऊन उन्हातून चालत आलेली. मग तो राग होता की दम होता? की दोन्ही? आणि दम असेल तर पुढं आणखी काही म्हणायचं होतं का? हे कोणाला विचारू, सांग.

मावशीचा फोन आला तेव्हा हिवाळा सरत आला होता. “मायले दवाखान्यात टाकलं. तू ये. ती काई म्हनो, तू ये.” अकोल्याला पोचले तर भरदुपार. खोलीत तू, आणि उशाशी मावशी, तुझी धाकटी बहीण. तुझे गाल गुलाबी दिसत होते. हात धरला तर गरम. मी म्हटलं, अरे वा, माय तर छान दिसतेय! मावशी तर खूशच होती. नाकात नळी, भिंतीवर ऑक्सिजनचं ते काचेचं भांडं, त्यात पाणी खदखदत होतं. “पाहा, कसं मस्त उकळून राह्यलं,” मावशी म्हणाली. “त्या सिस्टरनं इतकुसंच सोडलं होतं बापा. म्या वाढवलं. काल तुह्या काकूनंबी वाढवलं. हवेत काय कंजुसी करा लागते?”

मावशीला मी दोष देत नाही. आपल्याकडे पाहुणा नको-नको म्हणतो आणि आपण त्याच्या ताटात पोळी टाकतोच. हात आडवा केला तरी बोटांच्या फटीतून तूप सोडतो. जो आला त्यानं तुला एकेक घास हवा जास्त वाढली, प्रेमानंच. तुझ्यासारख्या फुप्फुसांना तेच चालत नाही. वर्षानुवर्षं आत वाईट हवा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, साचलेली असते, त्यातच शरीरानं कसंबसं बस्तान बसवलेलं असतं, मूत्रपिंडं आपली हळूहळू आतला सोडा, आम्ल मारणारा क्षार, राखून रक्ताचा तोल सांभाळत असतात. वरून ऑक्सिजन फार झाला की साचलेली हवा आणखी साचते, रक्त आंबट होतं, माणूस गुलाबी दिसतो, गरम लागतो आणि गुंगीत जातो. मी भांड्याकडे पाहिलं, तुझ्या थरथरत्या बोटांकडे पाहिलं आणि सिस्टरला हाक मारली. ती धावत आली, हवा कमी केली, मनगटातून रक्त काढायला बसली. आणि तेवढ्यात तू डोळे अर्धे उघडलेस.

“आली काय वं?” तू म्हणालीस. शब्द जड होते, जिभेवरून लोळत येत होते, पण थांबत नव्हते. “लय वाळली तू. जेवली काय? तुह्यासाठी शेवंतीचा वाफा ठेवला म्या, कोनाले हात नाई लावू देल्ला. त्या घरी नाई राह्यली ते चांगलंच केलं. मीबी निंगून आली असती. पन मले कुठं जा लागते ते माईत नव्हतं.”

माय, एवढं लांब बोलणं मी जन्मात तुझ्या तोंडून ऐकलं नव्हतं. बाबांबद्दल तू आयुष्यभर ना बरं बोललीस ना वाईट. मी तुझा हात धरून तशीच उभी. आणि लगेच पुढं तू म्हणालीस, “बैलाले पानी पाजलं काय? गाडी आली, टोपली उचल.” बैल विकून तर कितीतरी वर्षं झाली होती. मग तू मला मावशी समजून काहीतरी सांगायला लागलीस, तुमच्या लहानपणच्या कुठल्याशा जत्रेतलं. सिस्टर सुई काढत म्हणाली, “मनावर नका घेऊ, कार्बन डायऑक्साइड वाढला की पेशंट काहीही बोलतो.” मी नर्स. मी मान हलवली.

तोंडावर घट्ट बसणारा मास्क लावला, श्वासाला जोर देणारं मशीन सुरू झालं. त्या संध्याकाळी तू झोपेत असताना मी तुझ्या केसांचा गुंता सोडवला आणि वेणी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी तू शुद्धीवर आलीस. डोळे स्वच्छ, नेहमीचे. मास्क बाजूला सारून माझ्याकडे पाहिलंस आणि विचारलंस, “काहून आली?” मी काही बोलायच्या आत, “ड्युटी नाई?” मग हात मागे नेऊन केस चाचपलेस. “वेनी कोनं घातली?” मावशी म्हणाली, पोरीनं. “ढिल्ली हाये,” तू म्हणालीस. पण सोडली नाहीस. घरी जाईपर्यंत तीच वेणी होती, सगळी विस्कटलेली, आणि मावशी नव्यानं घालते म्हणाली तर तिच्यावर खेकसलीस.

मी वावरात येऊन सगळे वाफे पाहिले. झेंडू होता, उरलासुरला. शेवंतीचं एक रोप नव्हतं, मावशी म्हणाली त्या वर्षी लावलीच नव्हती. म्हणजे ते सगळं बैलांसारखंच? एकदा हिंमत करून तुला विचारलं. तू ओट्यावर बसून फुलं ओवत होतीस. “माय, दवाखान्यात मले काय म्हनलं ते आठवते काय?” तुझी सुई थांबली. “काय म्हनलं?” मी टोपलीतली फुलं निवडायला लागले. “गुंगीत होती मी,” तू म्हणालीस. “काईबी बोलली असन. चाय मांड.” मी चहा मांडला. आता मी येत होते, बसत होते, तू बस म्हणत नव्हतीस पण जा पण म्हणत नव्हतीस. आषाढात आले तर विहिरीच्या बाजूला शेवंतीची रोपं लावलेली. मावशी म्हणाली, “यंदा भाव येनार हाये म्हनते.” असेलही. भाव आलाही होता. फुलं आली तेव्हा तू नव्हतीस.

मागच्या वर्षी वर्गात एका मुलीनं विचारलं, “मॅडम, गुंगीतला पेशंट काही चांगलं बोलून राह्यला असला तं? तेबी खोटंच समजाचं काय?” बाकीच्या हसल्या. मी म्हटलं, खरं-खोटं आपण ठरवायचं नाही, आपण रक्त तपासायचं. पुस्तकी उत्तर आहे आणि ते बरोबर आहे. पण घरी आल्यावर मला काही सुधरेना. गोड बोललीस ते हवा साचल्यामुळे, आणि ‘येऊ नको’ म्हणालीस ते हवा पुरत नसल्यामुळे. दोन्ही वेळा फुप्फुसंच बोलत होती तर मग माझी माय कधी बोलली? शुद्धीत ‘ढिल्ली हाये’ म्हणालीस ती? मला खरंच कळत नाही, माय. मी चिडते तुझ्यावर. एक वाक्य, धड शुद्धीतलं, द्यायला काय झालं होतं?

हे कुठं पाठवायचं नाहीच. तू असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं, मावशीनं वाचून दाखवलं असतं, आणि तिच्यासमोर तू हे ऐकून घेतलं नसतंस. उद्या मी मुलींना शिकवीन की रक्त आंबट झालं की माणसाचं बोलणं त्याचं राहत नाही. त्या ते लिहून घेतील, परीक्षेत लिहितील, मी त्याला मार्क देईन. माझा त्यावर अजून विश्वास बसलेला नाही.