दफनभूमीतला मका आणि माझी उमेदवारी

१४ नोव्हेंबर

प्रिय लिडियाताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार, तुला आणि तुझ्या नव्या गुडघ्यालाही. (तो ओमाहाच्या थंडीत कुरकुरतो का? जुना तर नुसत्या ढगानंही कुरकुरायचा.) आम्ही ठीक आहोत. अर्डिथनं काल खसखस भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, केले, मी नऊ खाल्ले, तिनं सात मोजले, म्हणून घरात शांतता आहे.

आता मुद्दा. मी आपल्या तालुक्याच्या शेतकरी समितीच्या निवडणुकीला उभा आहे. कारण म्हणजे जूनमधलं चर्चचं जेवण. तिथं माझ्या तोंडून भाषण निघालं, की हल्लीच्या लोकांना पेरणीचा अहवाल धड भरता येत नाही, वेळेवर तर नाहीच नाही. टाळ्या पडल्या. रूडी हाव्हेलकानं तिथल्या तिथे माझं नाव सुचवलं, आणि टाळ्यांच्या भरात मी सही केली. विरोधात व्हेल्मा कुचेरा. (तीच, शाळेत तुझ्या पुढच्या बाकावर बसायची आणि वहीला समास सोडायची.)

अहवालाची शेवटची तारीख पंधरा जुलै. मी पंधरालाच पोचलो, सरकारी शेतकी कार्यालय बंद व्हायला दहा मिनिटं असताना. चष्मा गाडीत राहिला होता. आकाशातून काढलेला शेतांचा नकाशा समोर पसरला, त्यावर झपाझप पिकं लिहिली, सही ठोकली आणि ऐटीत घरी आलो. आठवडाभरानं कार्यालयातल्या जोलीनचा फोन.

"लँबर्ट, तू आजोबांच्या डोक्यावर मका पेरलायस का?"

नकाशा मी उलटा धरला होता, ताई. मका चर्चच्या दफनभूमीत, सोयाबीन व्हेल्माच्या अंगणात, आणि अल्फाल्फाचा चारा तिच्या कोंबड्यांच्या खुराड्यावरून थेट रस्त्यापर्यंत. एका जमिनीवर दोघांचा दावा, म्हणून तिचाही अहवाल अडकला.

दुसऱ्या दिवशी व्हेल्मा नकाशाची गुंडाळी काखेत मारून आमच्या स्वयंपाकघरात हजर. मला वाटलं, आता ही गावभर करणार. तिनं कॉफी घेतली, नकाशा सुलटा केला, आणि चार तास माझ्याबरोबर एकेक शेत तपासलं. मग ओढ्याकाठच्या अकरा एकरांवर बोट ठेवून म्हणाली, "इथली ज्वारी गारपिटीनं गेली ना? ते कुठं लिहिलंयस?"

लिहिलंच नव्हतं. ते राहिलं असतं तर सरकारी मदतीत आपल्याला भोपळा मिळाला असता. (आपल्याला म्हणजे तुलाही, अर्धी जमीन तुझी आहे.) मी विचारलं, "मी तुझ्या विरोधात उभा आहे, माहीत आहे ना?" ती म्हणाली, "ज्वारी उभी नाही, तेवढं आधी लिही." नंतर जोलीनकडून कळलं, की गेल्या वर्षी रूडीचा अहवाल हिनंच निस्तरला होता, आणखी तिघांचेही. कुठं बोलली नाही.

त्या रात्री मी ठरवलं, ही निवडून आली पाहिजे. नाव मागे घ्यायला गेलो तर मुदत टळलेली. मग मी स्वतःच्याच विरोधात प्रचाराला निघालो. घरोघर जाऊन दफनभूमीतल्या मक्याची गोष्ट सांगितली, म्हटलं, अशा माणसाला मत देऊ नका. लोक पोट धरधरून हसले, मला जेवायला ठेवून घेतलं, आणि निरोप देताना खांद्यावर थाप मारून म्हणाले, "इतका प्रामाणिक उमेदवार पाहिला नाही. मत तुलाच." रूडीनं तर त्याच्या चुलतभावांनाही फितवलं. आतापर्यंत तेवीस घरं झाली, आणि मी तेवीस मतांनी पुढे आहे. व्हेल्माला वाटतंय हा माझा डाव आहे. परवा किराणा दुकानात ती म्हणाली, "लँबर्ट, तू इतका धूर्त असशील असं वाटलं नव्हतं." आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी धूर्त म्हटलं, आणि तेही चुकून.

गुडघ्याची काळजी घे. जिन्यावर कठडा धरून चालत जा.

तुझा,
लँबर्ट

ता. क. जमिनीत हिस्सा असल्यामुळे तुलाही टपालानं मतपत्रिका आली असेल. फुली व्हेल्मापुढे मार, आणि बाहेरच्या लिफाफ्यावर सही कर. मागच्या वेळी सही विसरलीस, मत बाद झालं. डिसेंबर उजाडायच्या आत टाक.

ता. क. २. ताई, मी अर्डिथ. चिकटवण्याआधी पत्र वाचलं. व्हेल्मा चांगली आहे, त्यात वाद नाही. पण तुमचे भाऊ ऑगस्ट भावजी वारल्यापासून दोन वर्षं लँबर्ट शेत, चर्च आणि खुर्ची सोडून कुठं गेला नव्हता, कुणाच्या घरी बसून धड बोलला नव्हता. या तीन महिन्यांत तेवीस स्वयंपाकघरांत बसून जेवला, हसला. रात्री झोपेतही हसतो. समितीची बैठक दर महिन्याला असते, गावात, आणि नंतर सगळे कॉफीला थांबतात. मी माझं मत त्यालाच दिलंय. त्याला कळवू नका.