निलंबित, वलसाड

हितूदादा,

तुझी नोकरी मी घालवली. तुला अजून ते ठाऊक नाही.

सोमवारी तू आमच्या परळच्या शाळेच्या बसवर लागलास. शाळेच्या ऑफिसात ड्रायव्हरचं लायसन तपासायचं काम माझंच, पण सख्खा भाऊ म्हणून मी तपासलं नाही. आज तू मुलं आणायला गेल्यावर ड्रायव्हरांची यादी करायची म्हणून तुझा लायसन नंबर कॉम्प्युटरवर टाकला. आता देशभराची नोंद एकाच ठिकाणी दिसते. 'निलंबित, वलसाड.' खाली प्राणघातक अपघाताची तारीख होती. त्याच आठवड्यात तू पाठ धरली असं सांगून गुजरातची ड्रायव्हरची नोकरी सोडून घरी आला होतास.

फोन केला नाही. गाडी चालवताना तू उचलला असतास. गेटवर जाऊन उभी राहिले. बस आली, मी मोजली, एकतीसही मुलं धड उतरली.

तू हसून म्हणालास, "काय गं, चेकिंग काय?"

"नाय रे, सहज," मी म्हटलं आणि आत जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. दुपारची बस त्यांनी दुसऱ्याला दिली. तुला मी कळवते असं त्यांना बोलले, आणि मग हे लिहायला बसले.

पण हे तुला देणार नाही. संध्याकाळी घोडपदेवला घरी येऊन तुझ्यासमोर बसेन आणि आधी एवढंच विचारेन, की दादा, वलसाडला तुझ्या गाडीखाली कोण आलं होतं?

तुझी,
नीता