खालची खूण

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही “बरं आहे, आईला देतो” एवढंच बोलता, म्हणून हे पत्र. आईला किंवा ताईला वाचून दाखवायला सांगू नका, स्वतः वाचा. अक्षर नेहमीएवढंच काढलं आहे. चष्मेवाल्याने तुमचा नंबर अगदी किंचित वाढल्याचं सांगितलं, बाकी डोळे ठणठणीत आहेत, हे ताईने मला कळवलंय. तरीही तुम्ही डोळे गेले म्हणून घरी बसलात. त्या इंजिनानंतर सात महिने पान्याला हात लावला नाहीत आणि हत्यारांची पेटीसुद्धा भावजींना देऊन टाकलीत. भावजी त्यातल्या सगळ्यात चांगल्या पान्याने मोरीतला नळ आवळतात, असं ताई हसत सांगत होती. मला काही हसू आलं नाही.

माझं ठीक आहे. खोली वर्कशॉपच्या वरच आहे, खिडकीतून जुन्या टायरांचा ढीग दिसतो. उशीलाही डिझेलचा वास येतो, आणि हल्ली झोपून उठलो तरी अंग आंबलेलंच असतं. काम मात्र शिकायला मिळतं. वर्कशॉप एक बाई चालवतात. त्यांचे यजमान गेल्यावर लोकांना वाटलं, आता विकून टाकतील. त्यांनी उलट दुसरा जॅक घेतला. मी काढलेला प्रत्येक बोल्ट चिठ्ठी लावून ठेवतो, आणि चिठ्ठीवरचा ऱ्हस्व-दीर्घही तपासतो, म्हणून त्या मला तुमच्यासारखंच ‘मास्तर’ म्हणतात. नववीत शाळा सोडलेला मास्तर, असं तुम्ही पुढे जोडायचात. ते त्यांना अजून माहीत नाही.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे तीन डिझेल गाड्या टायमिंग चेनच्या कामाला आल्या. तिन्हींना एकाच जातीचं इंजिन आणि तिन्हींची चेन सैल पडून खुळखुळणारी. बाईंकडे त्या कामाची खास हत्यारं नव्हती. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाल्या की तूच निवड, उधळू नकोस, पण तेच पुन्हा घ्यायची वेळही माझ्यावर आणू नकोस. कंपनीचा सेट आमच्या आवाक्याबाहेरचा. मग दोन दिवस मी दुकानं पालथी घातली. तुम्ही बरोबर असतात तर पहिल्याच दुकानात काम झालं असतं. मी चार दुकानांत व्हर्नियर घेऊन पिना मोजत बसलो. एक दुकानदार वैतागून म्हणाला, लग्नाला मुलगी बघायला तरी इतका वेळ लावतोस का रे.

मी काय ठरवलं ते सांगतो, चुकलं असेल तर सांगा. पुली धरून ठेवायचं हत्यार विकत घेतलं नाही. आमच्या वेल्डरने लोखंडी पट्टीला दोन जाड बोल्ट जोडून करून दिलं, ते कंपनीच्यापेक्षा दणकट आहे. चेन ताणणारा टेन्शनर दाबून ठेवायला लागते ती पिन म्हणजे नुसती जाड तार, ती भंगारातून उचलली. टॉर्कचा पाना बाईंकडे होताच, तो फक्त तपासून आणला. पण क्रँक आणि कॅम जागच्या जागी अडकवून ठेवायच्या पिना मात्र मी स्वस्तातल्या घेतल्या नाहीत. एका सेटमधल्या पिना चकचकीत होत्या, पण कानशीने सहज ओरखडा उठला. दुसऱ्या सेटला डबी नाही, देखणेपणा नाही, पोलाद मात्र कडक आणि माप बरोबर. तो घेतला. बाईंनी विचारलं की बाकी सगळं जुगाड करतोस, मग एवढ्याशा सळीवर का अडून बसलास? मी म्हणालो, माप महत्त्वाचं असतं. त्यांना तेवढं पुरलं. मला पुरलं नाही.

पहिल्या गाडीचं काम काल झालं. नव्या पिना लावून चेन चढवली, इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, पिना पुन्हा अलगद बसल्या. चावी फिरवली तेव्हा आवाज असा आला की बाई ऑफिसातून बाहेर येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. सगळे पाठ थोपटत होते आणि मी मागच्या नळावर जाऊन उगाचच हात धूत राहिलो. धुवून झाले तरी धूत राहिलो.

बाबा, त्या दिवशीचं आठवतं ना? आपल्या गॅरेजच्या मालकांनी पिनांचा सेट आणला नव्हता. क्रँक हलू नये म्हणून तुम्ही मला त्याच्या टोकाचं फ्लायव्हील अडकवायला गाडीखाली पाठवलंत आणि मी पिनेऐवजी ड्रिलचं बिट वापरलं. फ्लायव्हीलला शेजारी आणखी एक बारीक भोक असतं, वजन साधण्यासाठी पाडलेलं. खरी पिन त्यात जातच नाही, जाड असते. माझं बिट त्या चुकीच्या भोकात गेलं. मी वर आलो आणि अडकवलं म्हणून सांगितलं. तुम्ही चेन चढवली, बराच वेळ वाकून चाकांवरच्या खुणा पाहिल्यात आणि म्हणालात, “खालची खूण मला एक दात मागे दिसते.” मी म्हणालो, “बाबा, क्रँक अडकवलाय मी. तुम्हालाच दिसत नाही आता.” सगळ्यांसमोर म्हणालो. तुम्ही चष्मा पुसलात, पुन्हा पाहिलंत, आणि माझं ऐकलंत. मी चाचपून बिट उपसलं, हाताने फिरवताना इंजिन किंचित अडखळलं, तेही मी कॉम्प्रेशनच्या दाबावर ढकललं. मग मालकांनी चावी फिरवली, आणि आत वॉल्व्ह पिस्टनवर आपटले तो आवाज तुम्हीही ऐकलात. मालकांना तुम्ही माझ्या आधी सांगून टाकलंत की माझ्या डोळ्यांनी घात केला, पोराची चूक नाही.

इंजिन उतरवलं तेव्हा मीच फ्लायव्हीलखाली होतो. बिटाचा ओरखडा कुठल्या भोकात आहे ते मी पाहिलं आणि बिट खिशात टाकलं. म्हणजे सात महिने मला माहीत आहे. दुसरीकडे नोकरी धरली तीही त्यामुळेच, तुम्ही गॅलरीत रिकामे बसलेले मला बघवत नव्हतं. आज सकाळी मालकांना फोन करून सगळं सांगितलं. ते मला जे बोलायचं ते बोलले. शेवटी म्हणाले, तुझ्या बापाला सोमवारी पाठव. पाठवणारा मी कोण, जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. पण डोळ्यांना दोष देऊ नका. तुम्हाला बरोबर दिसलं होतं, बाबा. खूण एक दात मागेच होती.

तुमचाच,
धाकटा