जावई सोडून सारे नवे

नागपूर, मंगळवार

ती. बाबा, तुमच्या आणि आईच्या पाया पडतो.

आमचा बास्केटबॉल संघ मोडून नवा बांधायचं ठरलंय, हे काल खुद्द मालकांनीच सांगितलं. निम्मे खेळाडू जाणार. माझी काळजी करू नका. गुडघा बरा आहे, जेवण वेळेवर होतं.

गेल्या वर्षीही खेळाडूच बदलले होते. तरी आम्ही तसेच हरतो, पुढे असताना शेवटच्या काही मिनिटांत. दमलेल्यांना कोच बाहेर घेतच नाही, कारण तेव्हा तो बाकावर बसून मोबाइलवर स्वतःचे फोटो टाकत असतो. पण तो मालकांचा जावई. त्याला कोण बोलणार?

आपल्या पेणच्या कारखान्यात प्रत्येक गणपतीचा कान तुटकाच निघाला, तर तुम्ही साचा तपासता. इथले शहाणे माती बदलतात.

सकाळी जावईबापू माझ्याजवळ येऊन म्हणाले, "नितेशभाऊ, शनिवारी मीटिंगमध्ये फक्त एवढंच म्हणा, हे पोट्टे कामाचे नाहीत. तुमची जागा पक्की."

मी म्हटलं, "बघतो."

त्यांना तो होकार वाटला. अक्कलही बेताचीच.

नम्रताचं सासरी ठीक चाललंय ना? यंदा रंगकामाला माणसं मिळाली का?

शनिवारी मालक मला बोलायला उभं करतील, तेव्हा मी कोचचंच नाव घेणार आहे. त्यामुळे रविवारी संध्याकाळी मी बॅगेसकट दारात दिसलो, तर सुट्टीवर आलोय, एवढंच आईला सांगा.

तुमचा,
नितेश