घर, गीझर आणि टिटवीचे वाक्य

मी, या कागदाच्या शेवटी जिची सही आहे ती, वयाने थकलेली पण डोक्याने ठणठणीत, कोणाच्या दबावाने किंवा लाडीगोडीने नव्हे तर स्वतःच्या अकलेने माझे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी मला तपासून तसा दाखला दिला. दाखल्यात त्यांनी 'स्वभाव तापट' असेही लिहिले आहे. ते मी खोडायला लावले नाही, कारण ते खरे आहे. आधीचे मृत्युपत्र मी स्वतः फाडले. का फाडले ते पुढे येईल.

एक. माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढच्या खोलीची रस्त्याकडची खिडकी, माझ्या भावाच्या मुलाला मिळावे. खिडकी वेगळी लिहिली आहे, ती विसरून नव्हे. घर त्याला कलम चारमधल्या अटीवरच मिळेल.

दोन. बँकेत जे काही असेल ते कंपनीच्या फोनच्या खोलीतल्या ज्या बायका अजून हयात आहेत त्यांच्यात सारखे वाटावे. पंखे आणि गीझर विकणाऱ्या त्या कंपनीत लोकांच्या तक्रारी आम्ही ऐकत होतो. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हा दोघी बहिणींना शब्दाचे शेपूट गिळायचे नाही आणि समोरचा ओरडला तरी आपला सूर चढवायचा नाही, हे पट्टीने शिकवले होते. त्या पट्टीवर आम्ही नोकरी केली. मग साहेबांना समुद्रापलीकडे स्वस्त गळे सापडले आणि आमची खोली एका दिवसात रिकामी झाली. आता आमच्यातली एक लोकांची मुले सांभाळते, एक दवाखान्याची फरशी पुसते, आणि जिचा आवाज सगळ्यांत गोड होता ती कोणाशी बोलतच नाही. हे दान समजू नये. त्यांना तसे वाटले तर वकिलांनी त्यांना माझ्या शब्दांत खडसावावे.

तीन. निरोपाच्या दिवशी साहेबांनी प्रत्येकीला कंपनीचे नाव छापलेला थर्मास दिला होता. माझा थर्मास त्यांना परत पाठवावा. त्यात चहा कधीच गरम राहिला नाही. सोबत चिठ्ठी नको. त्यांना कळेल, नाही कळले तरी थर्मास गळेलच.

चार. हे कलम माझ्या धाकट्या बहिणीबद्दल आहे. तिला सगळे टिटवी म्हणत, कारण तिची बडबड थांबत नसे. खोली बंद होण्याआधी साहेब म्हणाले, "नमुन्यासाठी तुमची चार वाक्ये यंत्रात भरून द्या." कशाचा नमुना, ते सांगितले नाही. टिटवीचा आवाज स्वच्छ, म्हणून तिला बसवले. माझ्या खुर्चीमागच्या खिडकीची कडी सैल होती आणि टिटवीला वारे सोसत नसे. ती यंत्रासमोर म्हणाली, "थांबा हं, मी तुमची नोंद बघते." आणि त्याच दमात, मान वळवून मला, "ताई, खिडकी लाव ना, वारं येतंय." मी उठून लावली. कोणी ते पुसले नाही.

पुढे ती बर्फाच्या गोदामात पाकिटे भरायला गेली. दुसरे काम मिळाले नाही. मी नको म्हटले तर म्हणाली, "ताई, तिथं बोलावं लागत नाही, गळ्याला आराम." तिथल्या गारठ्याने तिची छाती गेली. आधी आवाज गेला. शेवटच्या आठवड्यांत ती नुसते बोट खिडकीकडे करायची.

ती गेल्यावर काही महिन्यांनी आमचा गीझर बिघडला. मी तक्रारीचा फोन लावला. पलीकडे परदेशातली कोणी मुलगी, भाषा घोकलेली. म्हणाली, "थांबा हं, मी तुमची नोंद बघते. ताई, खिडकी लाव ना, वारं येतंय."

तोच सूर, 'ताई'वर तोच हेलकावा. मी उठले आणि खिडकी लावली. परत आले तेव्हा मला कशाची तक्रार करायची होती तेच आठवेना.

टिटवीचा तो नमुना ऐकूनच त्या मुली आमची भाषा शिकल्या होत्या, आणि वाक्य कुठे संपते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. तिकडे सगळ्याच तसे म्हणतात. गिऱ्हाइकांना वाटते, ती शेजारणीशी बोलते आहे. मी तेव्हापासून फोन करते. गीझर केव्हाच दुरुस्त झाला, पण मी त्याला नवनवे आजार लावते. प्रत्येक वेळी टिटवी सांगते, मी उठते, खिडकी लावते आणि फोनवर म्हणते, "लावली गं." तेवढी रात्र मला झोप लागते.

माझा भाचा त्याच कंपनीत आहे. त्या मुलींची संभाषणे ऐकून चुका धरायच्या, हे त्याचे काम. मागच्या महिन्यात तो हसत आला.

"आत्या, गंमत सापडली. सगळ्या पोरी एक फालतू वाक्य म्हणतात. ही चूक धरली की माझी बढती पक्की."

"आणि त्या पोरींचं?"

"काढतील दोन-चार. नियमच आहे."

"धर की. आणि तुझी पिशवीपण धर, आणि या घरातून चालू लाग."

"अगं, पण असं काय आहे त्या वाक्यात?"

मग मी त्याला सांगितले. त्याने टिटवीला फोटोतच पाहिले आहे. त्याने पिशवी खाली ठेवली. त्या संध्याकाळी मी मृत्युपत्र केले: चूक धरली तर घर नाही.

ते फाडावे लागले, कारण गेल्या आठवड्यात मी फोनवरच्या मुलीला विचारलेच, "मुली, खिडकी लाव म्हणतेस, कोणाला?"

ती हळू आवाजात बोलली. "मॅडम, आधी माहीत नव्हतं. आता कळतं."

"मग का म्हणतेस?"

"इथे खिडकी नाही, मॅडम. म्हणायला बरं वाटतं." मग म्हणाली, "आता आमचं पण काम जाणार. यंत्र बोलणार. आमचे आवाज भरून घेतले."

आमची खोली बंद झाल्यापासून मी तिकडच्या मुलींना शिव्या दिल्या. त्या शिव्या मी या कागदाने परत घेते आणि साहेबांच्या नावे करते.

म्हणून आता अट अशी. मुली बोलत आहेत तोवर भाच्याने त्यांची ही चूक धरू नये. मात्र यंत्राला शिकवण्यासाठी मुलींची भरून घेतलेली वाक्ये त्याच्या हातून जातील, तेव्हा हे वाक्य त्याने गाळावे. आजवर कोणाच्या तरी गळ्यातून ती बोलत आली. यंत्रात ती कायमची वाऱ्यात बसेल, खिडकी लाव म्हणत राहील, आणि तिथे उठायला कोणी नसेल. ते मला चालणार नाही.

पाच. मुलींच्या शेवटच्या दिवशी मी असेन तर मी, नसेन तर भाच्याने, पुढच्या खोलीतून फोन लावावा. खिडकी आधी उघडून ठेवावी. गीझरचे काहीही सांगावे. ती म्हणेल तेव्हा फोन खाली न ठेवता उठावे, खिडकी लावावी, कडी नीट बसली का हाताने बघावे, आणि तिला ऐकू जाईल असे सांगावे, "लावली गं. झोप आता."

या मृत्युपत्रावर मी ते वाचून, समजून, दोन साक्षीदारांच्या देखत सही केली आहे. भाच्याने अट ऐकली आणि "बरं, आत्या" म्हटले, तेही त्यांनी ऐकले.

मृत्युपत्र करणारी: (सही) टिटवीची ताई

साक्षीदार:
(सही) खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई
(सही) डॉक्टरीणबाई

स्थळ: राहते घर, पुढची खोली, खिडकी उघडी
दिनांक: वकिलांच्या शिक्क्यावर आहे तोच