चढवलेला सूर

३ मार्च
अल्बम आला! आमचा पहिलावहिला. सकाळपासून ऐकतेय. ही मी नाहीच. रेकॉर्डिंगवाल्याने शेवटी सगळं थोडं वेगात पळवून दिलं होतं — 'पॉप-पंक रेंगाळून नाही चालत, ताई.' वेगाबरोबर सूरही चढला. माझ्या चौतिशीच्या आवाजाची सतरा वर्षांची पोर झाली. तेव्हा आम्ही चौघंही खूश होतो. सगळ्यात जास्त मी.

७ मार्च
समीक्षा छापून आली. 'पंकचा राग, पॉपची गोडी. पण हा प्रकार पोरवयाचा, आणि त्याचा बहर केव्हाच ओसरला. हा बँड पाहुणे उठून गेल्यावर दार वाजवतोय. मात्र गायिकेचा आवाज अस्सल. अल्बम तरतो तो तेवढ्यावर.'

अस्सल म्हणे. हसावं की रडावं! दादाने — ड्रम तोच बडवतो — कात्रण तालमीच्या खोलीत चिकटवलं. 'बघ, तुझ्याच जिवावर आहोत.'

८ मार्च
उशीर झाला हे कबूल. घराला, शाळेला शिव्या देणारी ही गाणी आम्ही कोवळ्या वयात लिहिली. आता आमचा गिटारवाला रोज स्वतःच्या लेकीला शाळेत सोडतो. तरी गाताना मला सगळं खरं वाटायचं. तेवढंच तर होतं आमच्याकडे.

१४ मार्च
छोटा कार्यक्रम. माझ्या मूळ सुरात गायले. पुढची एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, 'रेकॉर्डवर भारी वाटते गं ही.' घरी येऊन नळ सोडून रडले.

१९ मार्च
वरच्या सुरात तालीम. गिटारवाल्याने तारा चढवल्या, मी गळा ताणला. 'पोचतेयस, पोचतेयस' — दादा. नाही पोचत.

२३ मार्च
आवाज पार बसला. घशाच्या डॉक्टरीणबाई — 'गाणं बंद. बोलणंसुद्धा बंद.' आणि शनिवारी मोठा कार्यक्रम!

दादा म्हणतो, रेकॉर्डवरचा आवाज लावू, तू फक्त ओठ हलव. मी कागदावर लिहिलं — नाही. खोटं खपवून घेणार नाही, असं तिसऱ्या गाण्यात बेंबीच्या देठापासून ओरडलेय मी. तो म्हणाला, 'बँड चौघांचा आहे. तुझ्या एकटीचा नाही.' कागद चुरगळून टाकला.

२८ मार्च
ओठ हलवले. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. आई आली होती. माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, 'घरी कधी अशी गात नाहीस गं.' मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुसती मान हलवली.

१६ एप्रिल
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घसा बरा झाला, खुशाल गा. तिथूनच दादाला फोन केला. तो म्हणाला, 'आता कशाला? छान बसलंय की सगळं.'